बार्शीचा हिशेब

सोलापूर शहराला हिशेबाची सवय जुनी. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढील अर्धशतकात हे गाव भोंग्याच्या वेळेवर उठू-निजू लागले. गिरण्यांबरोबर कामगार आले, कामगारांबरोबर मजुरीचे तंटे आले, आणि तंट्यांबरोबर मोजणी आली. १९२०च्या दशकात मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने सोलापुरातील गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. राहणीखर्चाचा जो निर्देशांक पुढे सिद्ध झाला, तो महागाईभत्त्याच्या वादात वर्षानुवर्षे हाती धरला गेला. १९४७ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने येथील विणकर समाजांची, आर. जी. काकडे यांनी केलेली पाहणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ज्वारी किती, सरपण किती, खोलीचे भाडे किती, सावकाराचे व्याज किती, हे सारे अशा पाहण्यांत येते. औषधपाणी बहुधा किरकोळ खर्चात मोडते.

या किरकोळ रकमेपाशी आम्ही थोडे थांबू इच्छितो. ज्वारीच्या खर्चासमोर भाकरी असते, भाड्यासमोर छप्पर असते. औषधपाण्याच्या खर्चासमोर काय लिहावयाचे? माणूस बरा झाला तर तो औषधाने बरा झाला की आपसूक? तो दगावला तर पैसा वाया गेला असे म्हणावे काय? आणि जो डॉक्टरकडे गेलाच नाही, त्याचा खर्च शून्य धरावा, की त्याचे आयुष्यच खर्ची पडले असे समजावे? घरोघर हे प्रश्न आजाऱ्याच्या उशाशी बसून विचारले जातात आणि घाईघाईत, बहुधा भीतीपोटी, त्यांची उत्तरे दिली जातात. शांतपणे, पुरेसा काळ थांबून आणि पुरेशी माणसे मोजून उत्तर शोधण्याचा एक मोठा प्रयत्न याच सोलापूर जिल्ह्यात, बार्शी येथे झाला. सोलापूर आणि वैद्यक म्हटले की डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव ओठांवर येते, आणि ते योग्यच आहे. परंतु बार्शीचा हा शांत इतिहास मराठी वाचकांच्या फारसा कानी पडलेला नाही. त्याची ओळख करून द्यावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बार्शी हे बालाघाटच्या पायथ्याचे, अवर्षणाशी झुंजणारे, परंतु पेठेच्या बळावर तगलेले गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या बार्शी लाईट रेल्वेच्या चिमुकल्या गाडीने या पेठेचे नाव दूरवर नेले. मराठवाड्याची हद्द येथून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे परंडा, भूम, कळंबकडील माणसे बाजाराला आणि दवाखान्याला बार्शीकडेच वळतात. १९८०च्या दशकाच्या आरंभी येथे डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्गिस दत्त यांच्या नावाने कर्करोग रुग्णालय उभे केले. कर्करोग म्हणजे मुंबईचे टाटा रुग्णालय, आणि टाटा रुग्णालय म्हणजे सुमारे चारशे किलोमीटरचा प्रवास, परक्या शहरातला मुक्काम आणि विकलेले जनावर, असा तो काळ होता. तालुक्याच्या गावी कर्करोगाचे रुग्णालय ही कल्पनाच तेव्हा धाडसाची होती.

रुग्णालय उभे राहिले तरी एक अडचण उरली. दारात येणारा रुग्ण दिसतो, न येणारा दिसत नाही. खेड्यातील एखादी बाई दोन वर्षे अंगावरून जाते म्हणून कुढत राहते, शेवटी अंथरुणाला खिळते आणि एके दिवशी जाते. गाव म्हणते, ‘दुखण्याने गेली.’ कोणत्या दुखण्याने, हे कोणत्याही कागदावर येत नाही. कागदावर जे येत नाही त्यावर सरकार पैसा खर्च करीत नाही, आणि ते सर्वस्वी सरकारच्या दुष्टपणामुळे नव्हे. मुंबईत १९६३ सालापासून इंडियन कॅन्सर सोसायटीने कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित नोंदणी चालविली होती. तेथे रुग्णालये होती, प्रयोगशाळा होत्या, मृत्यूचे दाखले होते. खेड्यात यांपैकी काहीच नव्हते. म्हणून १९८७ साली बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांत जी नोंदणी सुरू झाली, तिची रीत निराळी ठेवावी लागली. ग्रामीण भागातील अशी ही देशातील पहिली नोंदणी. टाटा स्मारक केंद्रातील डॉ. कस्तुरी जयंत यांचा या कामात मोठा वाटा होता. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जात, तेथील जाणत्या माणसांना भेटत, कोणाला न भरणारी जखम आहे, कोणाला गाठ आहे, कोणाला अवेळी रक्तस्राव होतो, असे विचारीत. कोण वारले आणि कसे, हेही विचारीत. रुग्णांनी रुग्णालयात यावे म्हणून समजावीत. नोंद करणारा आणि निरोप देणारा एकच होता.

या नोंदींतून दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली ही की खेड्यातील स्त्रियांच्या कर्करोगांत गर्भाशयमुखाचा कर्करोग अग्रभागी होता. दुसरी गोष्ट अनपेक्षित होती. नोंदणीची माणसे वर्षानुवर्षे गावात जात राहिली, लक्षणांविषयी बोलत राहिली, तसतशा बायका थोड्या आधीच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. हा बदल १९९५ साली शास्त्रीय नियतकालिकात नोंदविला गेला. एकही नवे यंत्र आले नव्हते. केवळ कोणीतरी येऊन विचारते आहे, एवढ्याने फरक पडला होता. जमाखर्च मांडणाऱ्यांनी ही बाब ध्यानात ठेवावी अशी आहे, कारण ‘विचारपूस’ नावाचे खाते कोणत्याही अंदाजपत्रकात आम्ही पाहिलेले नाही.

येथे थोडे आडवळण घेतो. बार्शीपासून फार दूर नसलेल्या जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. गावातीलच, बहुधा निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले. १९७९ साली या दोघांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना हे ठाऊक असेल. आम्हांला येथे एवढेच सुचवावयाचे आहे की या कोरड्या पट्ट्यात पैसा कमी होता म्हणूनच कदाचित, कोणता रुपया कोठे लागला आणि त्याने काय केले, हे विचारण्याची सवय लवकर लागली.

असो. आता मूळ कथेकडे वळू.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे एक वैशिष्ट्य असे की तो फार सावकाश येतो. एचपीव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग बहुसंख्य स्त्रियांना आयुष्यात केव्हातरी होतो आणि बहुतेकींच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप नाहीसाही होतो. काहींच्यात तो ठाण मांडतो, तेथील पेशींत बदल होऊ लागतात आणि दहा-पंधरा वर्षांनी कर्करोग प्रकट होतो. या विषाणूचा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रोग इतका सावकाश येतो म्हणूनच त्याला वाटेत गाठता येते. प्रश्न असतो तो कोणत्या जाळ्याने गाठावयाचे, आणि त्या जाळ्याची किंमत काय.

जाळी तीन होती. पहिली, १९४०च्या दशकापासून डॉ. पापानिकोलाउ यांच्या नावाने रूढ झालेली पॅप तपासणी. यात गर्भाशयमुखावरील पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पाश्चात्य देशांत तिने हा रोग मागे हटविला. परंतु तिला तरबेज डोळ्यांचा तपासनीस लागतो, आणि एकदा करून भागत नाही. दुसरी तपासणी अगदी साधी. गर्भाशयमुखावर पातळ अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे घरच्या व्हिनेगरमधील आम्ल, लावावयाचे आणि मिनिटभराने पाहावयाचे; बदललेला भाग पांढरा दिसतो. प्रशिक्षित परिचारिका ती करू शकते आणि उत्तर जागच्या जागी मिळते. तिसरी, विषाणूचाच शोध घेणारी एचपीव्ही तपासणी. तिला प्रयोगशाळा लागते, परदेशी बनावटीची सामग्री लागते आणि निकालासाठी थांबावे लागते.

सुज्ञ गृहिणीला विचारले तर ती म्हणेल, तिन्हींनी रोग सापडत असेल तर सर्वांत स्वस्त ती घ्या. यात चूक काय? चूक आहे की नाही, हे पाहण्यासाठीच १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक प्रचंड प्रयोग हाती घेण्यात आला. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो चालविला. पैसा गेट्स प्रतिष्ठानाकडून आला. गावांचे ५२ गट पाडले. जणू चिठ्ठ्या टाकून त्यांचे चार विभाग केले. तीन विभागांत एकेक तपासणी, तीही एकदाच. चौथ्या विभागात तपासणी नाही. तेथे माहिती आणि नेहमीची आरोग्यसेवा, तीच काय ती. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया या चार विभागांत मिळून होत्या. बोलावलेल्या दर पाच बायकांपैकी सुमारे चौघी तपासणीला आल्या. ज्या भागात बाई स्वतःच्या दुखण्यासाठीसुद्धा घराबाहेर पडत नाही, तेथे काही दुखत नसताना एवढ्या बायका आल्या, हे त्या गावोगाव हिंडणाऱ्या कार्यकर्त्यांचे श्रेय आहे. शास्त्रीय लेखात ते एका आकड्यात मावते.

आता हिशेबाकडे येऊ. हा हिशेब दोनदा मांडला गेला, आणि दोन्ही वेळा उत्तर निराळे आले. आमच्या मते या इतिहासाचा गाभा तेथेच आहे.

पहिला हिशेब २००५ साली प्रसिद्ध झाला. व्हिनेगरच्या तपासणीत शंभरांतील १४ बायकांना ‘संशय आहे’ असे सांगावे लागले, पॅप तपासणीत ७ जणींना आणि एचपीव्ही तपासणीत १० जणींना. पुढील चाचण्यांनंतर कर्करोगपूर्व गंभीर बदल ज्यांच्यात खरोखर सापडले त्या मात्र तिन्ही विभागांत शंभरात जेमतेम एकच होत्या. म्हणजे सापडण्याच्या बाबतीत तिन्ही जाळी जवळपास सारखी. त्याच वर्षी खर्चाचा हिशेबही छापून आला. व्हिनेगरची तपासणी सर्वांत स्वस्त, पॅप मधली, एचपीव्ही सर्वांत महाग. पहिलीच्या जवळजवळ तिप्पट. वही येथेच मिटली असती तर निर्णय सोपा होता. तिप्पट पैसे देऊन तेवढेच रोगी शोधणारी तपासणी कोण घेईल?

परंतु बार्शीकरांनी वही मिटली नाही. नोंदणीची सवय त्यांच्या हाडीमासी होती. त्याच बायकांचे पुढे काय झाले, कोणाला कर्करोग झाला, कोणत्या अवस्थेत कळला, कोण वारले, हे ते वर्षानुवर्षे नोंदवीत राहिले. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर एप्रिल २००९ मध्ये दुसरा हिशेब ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्ही तपासणीच्या विभागातील ३४,१२६ स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ दगावल्या. तपासणी न झालेल्या विभागातील ३१,४८८ पैकी ६४ दगावल्या. दर दहा हजारी पाहिले तर एकीकडे दहा, दुसरीकडे वीस. पॅप आणि व्हिनेगर या दोन विभागांतील मृत्यू तपासणी न झालेल्या विभागाहून थोडे कमी होते. पण तो फरक एवढा लहान की तो योगायोगाचाही असू शकेल.

आणखी एक बारकावा पाहण्यासारखा आहे. एचपीव्ही विभागात कर्करोगाचे निदान १२७ जणींत झाले, तपासणी नसलेल्या विभागात ११८ जणींत. नुसता एवढा आकडा पाहणारा म्हणेल, तपासणीने रोग वाढला! परंतु उशिराच्या, पसरलेल्या अवस्थेतील रोगी पहिल्या विभागात ३९ होते आणि दुसऱ्यात ८२. शोध घेतला की सापडणाऱ्यांची संख्या वाढते, आणि वेळीच सापडले की मरणाऱ्यांची घटते. आरोग्यसेवेचा लाभ ‘किती रोगी शोधले’ यात मोजावा की ‘किती मृत्यू टळले’ यात, या एका प्रश्नावर सारे उत्तर फिरते. शिबिरांचे अहवाल वाचताना आपण बहुधा पहिलाच आकडा वाचतो आणि टाळ्या वाजवितो.

महाग तपासणीत असे काय होते? संशोधकांनी दाखविले की ज्या बायकांना ‘तुम्हांला काही नाही’ असे सांगितले गेले, त्यांच्यात पुढील आठ वर्षांत कर्करोग होण्याचे प्रमाण एचपीव्ही तपासणीनंतर इतर दोन्ही तपासण्यांच्या मानाने सुमारे एक-चतुर्थांश होते. म्हणजे त्या तपासणीचा ‘होय’ जसा उपयोगाचा, तसाच तिचा ‘नाही’ही विश्वासाचा. डोळा थकतो, एखादा डाग नजरेतून निसटतो. विषाणूची खूण सहसा निसटत नाही. निर्धास्तपणालाही किंमत असते, परंतु तो खरा असला तरच.

तर मग स्वस्त तपासणी कुचकामी ठरली काय? घाईने तसे म्हणता येत नाही. मुंबईच्या वस्त्यांत टाटा स्मारक केंद्राने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये असाच एक प्रयोग केला. तेथे व्हिनेगरची तपासणी बेताच्या शिक्षणाच्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी केली, आणि एकदा नव्हे तर दर दोन वर्षांनी चार वेळा केली. डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी २०१३-१४ मध्ये निकाल मांडला: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तेव्हा स्वस्त वस्तू वारंवार वापरली तर फळ देते, महाग वस्तू एकदा वापरूनही देते. कोणती परवडते हे वस्तूच्या किमतीवर ठरत नाही. ती घ्यायला बाई किती वेळा येऊ शकते यावर ठरते. अमेरिकेतील संशोधकांनी २००५ साली भारतासह पाच देशांसाठी केलेल्या गणितातही हेच दिसले होते. ज्या पद्धतीत बाईला कमीत कमी खेपा घालाव्या लागतात, तीच खर्चाच्या मानाने सर्वांत फलदायी.

खेप हा शब्द मुंबईच्या वाचकाला कदाचित हलका वाटेल. परंडा तालुक्यातील वाडीवरून बार्शीला एक खेप म्हणजे एसटीचे जाण्यायेण्याचे तिकीट, दिवसाची बुडालेली मजुरी, बरोबर कोणी हवे म्हणून दुसऱ्याचीही बुडालेली मजुरी, धाकट्या लेकराला शेजारणीकडे ठेवण्याचे ओझे आणि ‘तुला काय झालंय?’ या प्रश्नाला दिलेले उत्तर. यांतील पहिले दोन-तीन पैशांत मांडता येतात. शेवटचे मांडता येत नाही, पण बहुतेकदा तेच बाईला घरी ठेवते. शिवाय ऊसतोडणीचा हंगाम लागला की या भागातील माणसे उचल घेऊन मुकादमामागे फडावर निघून जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तपासणीचा निकाल गावात पोहोचतो तेव्हा बाई कोल्हापूरकडे कोणत्या तरी फडात असते.

या हिशेबात एक रकाना असा आहे की तो वाचताना हात थबकतो. तपासणी न झालेल्या विभागातील ६४ स्त्रिया. त्यांच्या मृत्यूंशी तुलना केली म्हणूनच एचपीव्ही तपासणीचे मोल जगाला कळले. पॅप तपासणी उपयोगी आहे हे दशकानुदशके ठाऊक असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवून त्यांच्यातील मृत्यू मोजणे न्याय्य होते काय, असा आक्षेप भारतातील अशा प्रयोगांविषयी पुढे घेतला गेला. २०१४ साली भारतीय वैद्यकीय नीतिविषयक नियतकालिकातही त्यावर चर्चा झाली. संशोधकांचे म्हणणे असे की त्या गावांत तपासणीची सोय मुळातच नव्हती, जे चालू होते तेच चालू राहिले, आणि स्त्रियांना माहिती दिली होती. दोन्ही बाजूंत तथ्य आहे असे म्हणून आम्हांला सुटका करून घ्यावयाची नाही. आमचे मत असे की ‘येथे पूर्वीही काही नव्हते’ हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. कारण नसण्याचा दोष त्या स्त्रियांचा नव्हता. त्यांच्या मरणातून मिळालेल्या ज्ञानाचे ऋण फेडले गेले की नाही, हे त्यांच्या लेकी-सुनांना ती तपासणी मिळाली की नाही यावरून ठरवावे लागेल.

त्याचे उत्तर देण्याआधी शेजारच्याच बीड जिल्ह्यात जे उघडकीस आले ते सांगणे भाग आहे. ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया फार होत असल्याच्या बातम्या २०१९ साली आल्या, आणि राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा जणींपैकी एकीचे. कित्येकींचे वय चाळिशीच्या आतले होते. पाळीच्या दिवसांत काम झाले नाही तर खाडा पडतो आणि खाड्याचा दंड कापला जातो. अंगावरून जाण्याचा त्रास. आणि त्यावर ‘पिशवी काढली नाही तर कर्करोग होईल’ ही डॉक्टरची भीती. कर्ज काढून शस्त्रक्रिया होते, आणि कर्ज फेडण्यासाठी पुन्हा उचल घेऊन फडावर जावे लागते.

शुभवर्तमानातील त्या रक्तस्रावी स्त्रीची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. बारा वर्षे तिने अनेक वैद्य केले, होते नव्हते ते खर्चिले, आणि तिचे दुखणे वाढतच गेले. मार्काने हा जमाखर्च एका वाक्यात मांडला आहे. आम्हांला नेहमी वाटते की तो मजकूर बीडच्या फडावर वाचला तर कोणालाही अर्थ सांगावा लागणार नाही. ज्या भीतीपोटी या बायकांनी हजारो रुपये आणि एक अवयव दिला, त्या भीतीचे खरे उत्तर त्यांच्याच शेजारच्या जिल्ह्यात सापडलेले होते. एका तपासणीने बहुतेकींना खात्रीने सांगता आले असते की तुम्हांला कर्करोगाचा धोका नाही, आणि जिला असेल तिच्यावर बहुधा पिशवी न काढता, किरकोळ उपचाराने भागले असते.

मग ती तपासणी पोहोचली काय? २००९च्या निकालाने जगाचे धोरण हलविले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१च्या मार्गदर्शिकेत एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती दिली, आणि तिच्या आधारांत धाराशिवच्या बायकांचा वाटा आहे. भारत सरकारने २०१६ साली ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी व्हिनेगरची तपासणी करण्याचा कार्यक्रम आखला. आपल्या आरोग्यकेंद्रांना जे झेपेल ते त्यांनी निवडले, यात गैर काही नाही. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले, तेव्हा ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या शंभरात दोनही निघाल्या नाहीत. प्रमाण १.९ टक्के. कागदावरील कार्यक्रमाची किंमत कमी असते, हे खरे. पण त्याचा लाभही तेवढाच असतो.

लसीची कथा थोडक्यात सांगतो, कारण तिच्यातही हिशेबाचा एक विलक्षण धडा आहे. २००९ साली देशात पुणे, मुंबई आणि इतर ठिकाणी मुलींना एचपीव्ही लसीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहणारा अभ्यास सुरू झाला. दुसऱ्या एका लसीकरण प्रकल्पावरून उठलेल्या वादळात एप्रिल २०१० मध्ये सरकारने सर्वच थांबविले. तोवर १७,७२९ मुलींना लस टोचून झाली होती, आणि त्यांतील हजारो मुली एकाच डोसावर राहिल्या. संशोधकांनी त्यांनाही सोडले नाही. दहा वर्षांनी दिसून आले की एका डोसाचे संरक्षणही जवळजवळ तेवढेच टिकते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एक डोस पुरेसा मानता येईल असे जाहीर केले. खर्च एका फटक्यात घटला, आणि तो घटविणारा पुरावा एका मोडलेल्या अभ्यासातून आला. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम संस्थेच्या देशी लसीलाही परवानगी मिळाली.

आपल्या धर्मग्रामांतून आरोग्य शिबिरे होतात. मंडप असतो, चहा असतो, रक्तदाब आणि साखर मोजली जाते, छायाचित्र निघते. त्यांची टवाळी करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु पुढच्या शिबिराच्या बैठकीत कोणी तरी एवढे विचारावे की ज्यांच्यात काही सापडेल त्यांचे पुढे काय, त्यांची दुसरी खेप कोण भरणार, आणि वर्षाने त्यांच्या घरी कोण जाणार. धर्मभगिनींनी चालविलेल्या दवाखान्यांना हा प्रश्न नवा नाही. त्यांच्या जुन्या नोंदवह्या चाळल्या तर घरभेटींच्या तारखा सापडतील.

बार्शीची नोंदणी थांबली नाही. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०२० साली प्रसिद्ध झालेला अहवाल उघडला तर मुंबई, पुणे, नागपूर या मोठ्या शहरांच्या रांगेत ‘बार्शी ग्रामीण’ हे नाव आहे. त्याच यादीत आणखी एक नोंद आढळते: उस्मानाबाद आणि बीड. ज्या जिल्ह्यात तपासणी न करता भीतीपोटी पिशव्या काढल्या गेल्या, त्या जिल्ह्यातील कर्करोगाची मोजणीही आता होऊ लागली आहे.